माझूआईच्या पंगतीतली नावं

आमच्या देवळात दोन गोष्टी एरवी बंद पडलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. एक समुद्रदेवी माझूआईपुढचं धुपाटणं आणि दुसरा मागच्या खोलीतला डिरेक्टरी सर्व्हर. दोन्हींची राखण एकच माणूस करायचा, थोसुईकाका, आणि दोन्हींच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नव्हतं.

मी मात्र जन्माची वादावादी करणारी. नाव आ-चिन. कॉम्प्युटरचं शिकले, सिंचूला चिपच्या कारखान्यात नोकरी केली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं कमावली आणि बंदरावरच्या आमच्या गावी परत आले. आई म्हणाली, "देवळाला कॉम्प्युटरवालं माणूस हवंय. माझूआईची चाकरी, डोक्यावर कोणी साहेब नाही." थोसुईकाकांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिला मी घरात राहायला हवी होते, त्यामुळे तिचं मी मनावर घेत नाही.

देऊळ म्हणजे नुसतं देऊळ नव्हे. देवळाचा दवाखाना आहे, वाचनालय आहे, आणि रोज दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांची पंगत बसते. या सगळ्या ठिकाणी कोण आपलं आणि कोण परकं हे सांगायचं काम त्या एका सर्व्हरचं. डिरेक्टरी म्हणजे नावांचं कोठार. म्हाताऱ्याने भोजनगृहाच्या खिडकीवर कार्ड टेकवलं की तिथलं यंत्र सर्व्हरला विचारतं, हे आपल्यातले का? सर्व्हर आपल्या डेटाबेसमध्ये बघतो आणि हो म्हणतो. हिरवा दिवा लागतो, ताट मिळतं. नाव सापडलं नाही तर लाल दिवा.

यंदा जिल्ह्याच्या मदतीतून शेजारी नवं भोजनगृह उभं राहिलं. तिथली यंत्रं नवीकोरी, ती आमच्या म्हाताऱ्या सर्व्हरशी बोलायला तयार होईनात. म्हणून नवा सर्व्हर आला, आणि जुन्यातली नावं त्याच्यात न्यायचं काम माझ्याकडे. ऐकायला सोपं होतं. नावं मजकुराच्या रूपात बाहेर काढावीत म्हटलं, तर तो हुकूम एका जुन्या आडवळणी अक्षरातल्या आडनावापाशी येऊन दरवेळी कोलमडायचा. मग एकच रस्ता उरला. डेटाबेसच्या फाईली जशाच्या तशा उचलायच्या, नव्या यंत्रावर तोच जुना प्रोग्रॅम बसवायचा, त्याच्यापुढे त्या फाईली ठेवायच्या आणि सांगायचं, हं, आता कर सुरू.

त्यासाठी जुना सर्व्हर जरा वेळ थांबवायला हवा होता. त्या खोलीची किल्ली थोसुईकाकांच्या कमरेला.

"काय करतेस म्हणालीस?" काका उदबत्त्यांची जळकी बुडं वेचत होते, ते थांबले.

"थांबवते. फाईली उचलते आणि परत सुरू करते. तुमचा चहा होईपर्यंत काम होतंय."

"आपलं देऊळ बसवायला थोरल्या देवळातून आईच्या धुपाटण्यातली राख आणली, तेव्हा तिथलं धुपाटणं विझवलं होतं का?"

"मी तेव्हा शाळेत होते, काका."

"मग मी सांगतो. नव्हतं विझवलं. थोरल्या धुपाटण्यात निखारा असतानाच राख उचलायची, तेव्हा धाकट्यात देव उतरतो. विझल्या राखेत काय उतरणार, मांजर?"

"ही राख नाही. फाईली आहेत."

"आहेत ना? पण त्याच ट्रकमधून आल्यात. लाल कापड बांधून, छत्री धरून मी आणलंय ते यंत्र. नावं माणसांची आहेत की नाहीत?"

नावं माणसांचीच होती. तो सर्व्हर खरोखरच थोरल्या देवळाने राखेबरोबर दिला होता. त्याच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असतं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, आणि ते शिळं व्हायच्या आत काका स्वतः बदलतात. सिंचूच्या कारखान्यातही आम्ही अशी पाकिटं ठेवायचो, त्यामुळे हसायला मला तोंड नव्हतं.

शेवटी मी तोडगा काढला, म्हणजे मूर्खपणा केला. पंगत उठल्यावर, दवाखाना बंद असताना, सर्व्हर चालू ठेवूनच फाईली उचलल्या. काका खोलीच्या दारात हात जोडून उभे. इतक्या शांत वेळी कोण कशाला कार्ड टेकवतंय, असा माझा हिशेब.

चालू डेटाबेसच्या फाईली उचलणं म्हणजे लोक उठत-बसत असताना पंगत मोजण्यासारखं असतं. कोणी दोनदा मोजला जातो, कोणाचा पाटच सुटतो. त्या दुपारी वाचनालयात शाळेची सगळी पोरं कार्डं बडवत होती, आणि प्रत्येक कार्डागणिक सर्व्हर आपल्या वहीत काहीतरी खरडत होता. नव्या यंत्राने फाईली पाहिल्या आणि सरळ सांगितलं, डेटाबेस खराब आहे, सुरू होणार नाही. मी दुरुस्तीचा हुकूम चालवून पाहिला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा फाईली उचलल्या, तशाच चालू सर्व्हरवरून, आणि पुन्हा तेच. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि त्या धुपाटण्याला हात लावायचीसुद्धा मला परवानगी नव्हती.

मी ही गोष्ट देवळाच्या अध्यक्षांना सांगितली. अध्यक्ष छुआ माणूस वाईट नाही, पण त्यांना कागद फार आवडतो.

"चोवीस तारखेला वर्षअखेरीसाठी वर जाणाऱ्या देवांना निरोप दिला की त्याच दुपारी नव्या भोजनगृहात पहिली पंगत," ते म्हणाले. "जिल्ह्याच्या बाई येणार आहेत बघायला. तोवर जुनी नावं आली तर आली. नाही आली, तर सगळ्यांची नवी नोंद करू. आपल्याला काय, चार दिवसांचं काम."

"मग नवीच करा की," खिडकीशी बसलेली स्वयंपाकीण म्हणाली.

"करू. पण नव्या नोंदीचा नियम जिल्ह्याचा आहे. जुने आहेत ते चालू राहतील. नवं नाव मात्र गावात घरनोंद, म्हणजे सरकारी दप्तरात इथला पत्ता, असलेल्याचंच."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा पंगतीला रोज येणारी बोंग्योआजी ताट विसळत होती. नळ चालू होता, तरी तिने ऐकलं. कारण तिने नळ बंद केला, ताट पालथं घातलं आणि तोंडातून अवाक्षर न काढता निघून गेली. बोंग्योआजी आणि गप्प, हे आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं.

तिची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, पिंगतुंगला, नवऱ्याच्या भावाच्या घरात. इथे ती मुलाबरोबर आली होती. मुलगा पुढे मोठ्या जहाजावर गेला आणि ती बंदरामागच्या एका भाड्याच्या खोलीत राहिली. घरमालक तिची नोंद करू देत नाही, कर वाढतो म्हणतो. आमच्या पंगतीत ती आली ते दिवस असे होते की कोणी कागद विचारत नसे. भूक लागलीय का विचारायचे आणि नाव लिहायचे. तिच्या नावाचा अर्थ, आता मुलगी झालीच आहे तर वाढवू या. ती स्वतःच सांगायची, "मी जन्मले तेव्हा घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून मीच आयुष्यभर आवाज करते."

आणि तो आवाज मुख्यतः थोसुईकाकांवर निघायचा. जेवून निघाली की धुपाटण्यापाशी थांबायची. "एवढा धूर करतोस, आईचा चेहरा काळा झाला."

"तिचा चेहरा काळाच आहे. भक्तांच्या उदबत्त्यांनी झालाय, तो मान आहे."

"मान नाही, खोकला आहे. तुला ऐकू येत नाही, कान भाजलेत तुझे."

"तुझी जीभ भाजली असती तर गावाला बरं झालं असतं."

हे रोजचं. अख्ख्या पंगतीला त्यावर पान चघळल्यासारखं समाधान मिळायचं. त्या दुपारनंतर मात्र ती जेवून उठली की मान खाली घालून थेट दाराबाहेर. पहिल्या दिवशी काका तिच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम ओल्या उदबत्त्या पेटवून ढीगभर धूर केला. ती खोकली आणि निघून गेली.

"आजारी आहे का ती?" काकांनी मला विचारलं.

"आजारी नाही. चोवीसनंतर तिचं ताट बंद होणार आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते. फाईली खराब आल्यात. त्या चालू सर्व्हरवरून घेतल्यात म्हणून खराब आल्यात. नवी नोंद तिची होत नाही." मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "तुमच्या निखाऱ्यापायी."

काकांनी हातातल्या उदबत्त्या खाली ठेवल्या. मग आत गेले आणि कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी घेऊन आले. माझूआईपुढे गुडघे टेकले, आपलं नाव, पत्ता, जन्मतिथी सांगितली, आणि विचारलं, "आई, यंत्र विझवू का?"

कोरी जमिनीवर पडल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली, हो किंवा नाही काहीच म्हणाली नाही.

पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा एक कोर फिरत फिरत लांब गेली, खांबाला आपटली आणि तशीच सपाट बाजू वर करून पडली.

"बघ, हसतेय तुला," काका म्हणाले.

"मला नाही, तुम्हाला."

"तुला."

"काका, प्रश्न चुकला की देवी हसते, हे मला तुम्हीच शिकवलंय. विझवायचंय कुठे? यंत्राची वीज चालू राहणार, दिवे चालू राहणार, तबकडी आत फिरत राहणार. फक्त तो एक प्रोग्रॅम थांबवायचाय. फक्त लिहिणं थांबवायचं आहे त्याचं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधीच सांगितलं होतं! तुम्ही मांजराचं काढलंत."

त्यांनी कोरी उचलल्या, पुसल्या आणि जागेवर ठेवल्या. परत विचारलं मात्र नाही. मी समजले की माणूस हलणार नाही, आणि त्या दिवशी घरी जाऊन आईवर विनाकारण खेकसले.

चोवीसच्या आदल्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले तर काका राख चाळायची चाळणी घासून उन्हात ठेवत होते. बारीक जाळीची, पितळी. वर्षातून एकदाच निघते ती. देव वर्षअखेरीचा जाब द्यायला वर गेले, की मागे त्यांच्या धुपाटण्यातली राख उपसतात, चाळतात, बुडं काढतात आणि स्वच्छ करून परत भरतात. एरवी त्या धुपाटण्याला कोणी बोट लावलेलं काकांना खपत नाही, आणि त्या दिवशी ते स्वतः त्यात कोपरापर्यंत हात घालतात.

"आ-चिन," चाळणीवरून नजर न उचलता ते म्हणाले, "उद्या सकाळी घरात कोणी नसतं."

"कोणाच्या घरात?"

"आईच्या. निरोपाचे फटाके वाजले की ती वर. धुपाटणं थंड. मी राख काढायला बसणार." त्यांनी चाळणी आपटून पाणी झटकलं. "तेव्हा तुला जे काय थांबवायचंय ते थांबव. मी राख परत भरेन, त्याच्या आत तुझं उरकलेलं असलं पाहिजे."

मी काही बोलले तर ते मन बदलतील या भीतीने मी फक्त मान हलवली.

"आणि तिला सांगू नको," ते म्हणाले. "जमलं नाही तर उगाच."

देवांना निरोप लवकर द्यावा आणि स्वागत निवांत करावं, असं आमच्याकडे म्हणतात. त्यामुळे चोवीसला उजाडतानाच सगळं गाव देवळात. देवीच्या ओठाला गोड लागावं म्हणून चिकट भाताच्या वड्या, तिच्या वाटेसाठी जाळायला कागदी घोडे, कागदी पैसे, मग फटाके. धूर खाली बसतो न बसतो तोच काकांनी धुपाटण्यातली शेवटची उदबत्ती काढली, राखेत तळवा दाबून पाहिला आणि कमरेची किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली गरम होती.

मी खोलीत गेले. जुन्या सर्व्हरला थांबायचा हुकूम दिला. त्याने जरा वेळ घेतला, हातातलं लिहून संपवलं, आणि थांबला. यंत्राचे दिवे तसेच चालू होते. तबकडी मात्र खरखरत होती, म्हाताऱ्याने घसा साफ करावा तशी. मी फाईली उचलल्या, यावेळी एकूण एक, त्यांच्यासोबतच्या नोंदीच्या फाईलींसकट, आणि नव्या यंत्राकडे रवाना केल्या. कॉपी फार हळू होत होती. दारातून मला काका दिसत होते. जमिनीवर बसून राख चाळत होते, इतकी सावकाश की एरवी मी त्यांना हटकलं असतं. ते माझ्यासाठी वेळ काढत होते.

"झालं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"अजून नाही."

त्यांनी चाळलेली राख परत चाळणीत घातली.

फाईली पोचल्या. नव्या यंत्रापुढे बसून मी त्यांची मालकी सर्व्हरच्या नावावर केली, नाहीतर तो त्यांना हातच लावत नाही. मग सुरू व्हायचा हुकूम दिला. यावेळी तक्रार नाही, खराब डेटाबेस नाही, काही नाही. सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला. माझ्या जिवात जीव आला. मी त्याला विचारलं, तुझ्याकडे नावं किती?

शून्य.

पुन्हा विचारलं. शून्य. खोटं नव्हतं, चूक नव्हती. घर झाडून पुसून तयार, दार उघडं, आणि आत चिटपाखरू नाही. फाईली तर आत्ताच माझ्या डोळ्यांदेखत आल्या होत्या.

"आ-चिन," अध्यक्षांचा आवाज बाहेरून आला, "बाई गाडीतून उतरल्यात. पंगत कधी बसवायची?"

"थांबवा जरा."

"म्हणजे नावं नाही आली?"

काका दारात येऊन उभे राहिले. दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने पांढरे. "अध्यक्ष, बाईंना आधी देऊळ दाखवा," ते म्हणाले. "छतावरचं कोरीवकाम दाखवा. सगळे आठ अमर ऋषी एकेक करून सांगा. तुम्हाला येतात ना ते?"

"येतात की."

"मग सावकाश सांगा."

अध्यक्ष गेले. काका माझ्या मागे उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, विझल्या राखेत मांजर. म्हणाले फक्त, "ताट ठेवलंय तिथेच वाढलंस ना?"

त्यांना काही कळून ते बोलले नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील. पण मी फोल्डर उघडून पाहिलं, आणि स्वतःच्या डोक्यात मारून घेतली. फाईली मी फोल्डरसकट उचलल्या होत्या, त्यामुळे फोल्डरच्या पोटात फोल्डर झालं होतं. सर्व्हरने आपल्या ठरलेल्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक नवा, रिकामा डेटाबेस मांडला आणि सुरू झाला. नावं त्याच्या एक पायरी खाली दाराआड बसून होती. कारखान्यात नवख्या पोरांना मी याच चुकीसाठी रडवलं होतं.

सर्व्हर थांबवला. रिकाम्या फाईली काढल्या, भरलेल्या वर आणल्या, मालकी पुन्हा पाहिली. हुकूम दिला. तो या वेळी जरा उशिरा उठला, आपल्या नोंदी चाळून पाहिल्या, आणि सुरू झाला.

"किती?" काकांनी विचारलं.

"सगळी."

"तिचं बघ."

मी नाव टाकलं. पडद्यावर बोंग्योआजी आली, जुन्या फोटोतली, केस काळे, फोटो काढणाऱ्यावर चिडलेली. काकांनी राखेच्या हाताने नाक पुसलं आणि नाकावर पांढरा पट्टा उमटला. मग ते राख भरायला गेले. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले, आणि सांगायला लाज नाही, मला रडू आलं.

नव्या भोजनगृहात पंगत बसली. कार्डामागून कार्ड, दिव्यामागून दिवा, सगळे हिरवे. बाई टाळ्या वाजवत होत्या. त्या आडवळणी अक्षराच्या आडनावाचे आजोबासुद्धा आपल्या पूर्ण नावासकट हिरव्यातून गेले. मी प्रत्येक चेहरा बघत होते. शेवटचा माणूस खिडकीवरून ताट घेऊन गेला, आणि बोंग्योआजी आली नव्हती.

तिच्या टेबलावरच्या बायकांना विचारलं. "सकाळी निरोपाला होती," एक म्हणाली. "नंतर नाही दिसली. मला वाटलं घरी गेली." काका ऐकत होते. त्यांनी हातातला चहा ठेवला आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे.

ती खोलीवर नव्हती, धक्क्यावर नव्हती. ती नव्या भोजनगृहाच्या मागच्या भिंतीला टेकून, पायरीच्या दगडावर बसली होती. गुडघ्यांवर पत्र्याचा डबा उघडा. त्यात भात, वाळवलेल्या मुळ्याचं आम्लेट आणि रताळ्याचा पाला. तिच्या डोक्यावर खिडकी होती, आणि खिडकीच्या आत तिचंच टेबल. आतल्या बायकांचं बोलणं, हसणं, चमचे, सगळं तिथे स्पष्ट ऐकू येत होतं. आत कोणीतरी सुनेची गोष्ट सांगत होतं, आणि आजी भात चघळत मान हलवत होती.

आम्हाला पाहून तिने डब्यावर झाकण ठेवलं.

"इथे काय करतेस?" काकांनी विचारलं.

"वारा नाही इथे."

"आत यायचं होतं ना."

"सरकारी बाईसमोर लाल दिवा लावून घेऊ? या वयात?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण काका त्या दगडावर तिच्या शेजारी बसले. झाकण काढलं आणि आम्लेटचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "खारट आहे."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"बंद केलं होतं आज आम्ही ते यंत्र," ते म्हणाले. "सकाळी. मीच किल्ली दिली."

आजीचा हात डब्यावरच थांबला. धुपाटण्याबद्दल या माणसाशी ती गेली कित्येक वर्षं भांडत आली होती, त्यामुळे तो काय म्हणाला हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळलं असणार. तिने त्याच्या नाकावरच्या राखेकडे पाहिलं.

"मग?"

"मग काय, सुरू झालं नव्या यंत्रावर. तुझ्या नावाचा भात आत निघालाय. मी काही खाणार नाही तो."

"खोटं बोलत असशील तर आईची शपथ."

"आई वर गेलीय. खोटं बोलायचं असतं तर आज सोयीचं होतं."

ती उठली. डबा पिशवीत घातला, केस सारखे केले, पदर नसतानाही बायका जसा खांद्यावर हात फिरवतात तसा फिरवला, आणि आत गेली. आम्ही मागे. पंगत अर्धी जेवून झाली होती. ती खिडकीसमोर उभी राहिली आणि कार्ड काढून हातातच धरून ठेवलं. मी म्हटलं, "टेकवा, आजी." तिने डोळे मिटले आणि टेकवलं. डोळे उघडले तेव्हा दिवा हिरवा होता, आणि काळ्या केसांची चिडलेली बाई पडद्यावर तिच्याकडेच बघत होती.

जिल्ह्याच्या बाई जवळच होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आजी, उशीर केलात. तुम्ही कुठल्या?"

अध्यक्ष छुआंनी चहाचा कप ओठापाशीच थांबवला.

"इथलीच," बोंग्योआजी म्हणाली. मग खिडकीतून आत वाकली आणि स्वयंपाकिणीला हळूच म्हणाली, "भात कमी वाढ गं. मी थोडं खाऊन आलेय."